लेस्टर बँग्ज आणि रॉक पत्रकारितेची पहिली पंधरा-सोळा वर्षं

कॅमेरन क्रो यांच्या २००० सालच्या 'ऑलमोस्ट फेमस' या चित्रपटात एक जाडगेला, मिशाळ पत्रकार आहे. रॉकवर लिहू पाहणाऱ्या पोरसवदा मुलाला तो बजावतो की वादकांशी दोस्ती करू नकोस. फिलिप सीमूर हॉफमन यांनी साकारलेला हा माणूस काल्पनिक नाही. तो लेस्टर बँग्ज. क्रो किशोरवयात सॅन डिएगोत असताना त्याला खरोखरच भेटले होते. चित्रपटामुळे बँग्जचं नाव जगभर झालं, पण तो असा का झाला हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

१९६६ पर्यंत अमेरिकेत रॉकवर गांभीर्यानं लिहायची जागाच नव्हती. किशोरवयीन मुलींसाठी निघणाऱ्या मासिकांत गायकांचे फोटो आणि आवडीनिवडी छापून येत. वर्तमानपत्रांतले संगीत समीक्षक शास्त्रीय संगीत आणि जॅझवर लिहीत. त्या वर्षी स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या पॉल विल्यम्सनं 'क्रॉडॅडी' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक काढलं आणि त्यात तबकड्यांबद्दल मोठ्या माणसांसारखं लिहायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांचं 'रोलिंग स्टोन' आलं. मार्च १९६९ मध्ये डेट्रॉइटमध्ये बॅरी क्रेमर यांनी 'क्रीम' सुरू केलं. या धंद्यात तेव्हा कोणी शिकून-सवरून आलेलं नव्हतं. लिहिणारे बहुतेक विशीतले होते.

बँग्जचा जन्म डिसेंबर १९४८ चा, कॅलिफोर्नियातला. तो सॅन डिएगोजवळच्या एल काहोन गावात वाढला. लहान असतानाच वडील आगीत जळून गेले. आई 'जेहोवाज विटनेस' या ख्रिस्ती पंथाची, कट्टर धार्मिक. घरात जगबुडीच्या गोष्टी आणि कानात जॅझ, बीट कवी (पन्नाशीच्या दशकातले अमेरिकेतले बंडखोर कवी), मग रॉक. कॉलेज अर्धंमुर्धं करत, चपला-बुटांच्या दुकानात विक्रेत्याचं काम करत तो लिहीत होता. 'रोलिंग स्टोन' तेव्हा वाचकांकडूनही परीक्षणं मागवत असे. बँग्जनं पाठवलेलं आणि १९६९ मध्ये छापून आलेलं पहिलं परीक्षण डेट्रॉइटच्या एमसी-फाइव्ह या बँडच्या पहिल्या तबकडीचं होतं. त्यात त्यानं बँडची सालटी काढली. पुढे याच बँडचा तो कट्टर चाहता झाला आणि तसं त्यानं लिहूनही टाकलं. मतं जाहीरपणे बदलायची ही सवय त्याच्यात शेवटपर्यंत टिकली. मला त्याचं मोठेपण सर्वांत आधी इथं दिसतं.

'रोलिंग स्टोन'शी मात्र फार काळ जमलं नाही. १९७३ मध्ये कॅन्ड हीट या बँडवर लिहिलेल्या तिखट परीक्षणानंतर, वादकांचा मान राखत नाही म्हणून वेनर यांनी त्याचं लिखाण छापणं बंद केलं. रॉक नियतकालिकं रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवर चालत होती. तबकड्या फुकट यायच्या, तिकिटं फुकट, कधी विमानाचं भाडंसुद्धा कंपनी द्यायची. अशा व्यवस्थेत नापसंती स्पष्ट सांगणारा माणूस परवडत नाही. वादकांशी दोस्ती करू नकोस या सल्ल्याच्या मागं हा सगळा व्यवहार उभा आहे.

'क्रीम'मध्ये त्याला घर मिळालं. १९७१ मध्ये एका लेखासाठी तो मिशिगनला गेला आणि तिथेच राहिला. मासिकाची मंडळी काही काळ डेट्रॉइटबाहेर वॉल्ड लेकला एकाच घरात राहायची, खायची, भांडायची आणि तिथूनच अंक काढायची. पगार नावापुरता. पण कितीही लांब लिहिलं तरी छापणारे संपादक होते. गुळगुळीत, तयारीच्या वादनापेक्षा गॅरेजमध्ये तीन सुरांवर झोडपणारी पोरं त्याला जवळची वाटत. स्टूजेस या बँडवर १९७० मध्येच त्यानं 'क्रीम'साठी भलामोठा लेख लिहिला होता, जेव्हा बहुतेकांना तो बँड म्हणजे निव्वळ गोंगाट वाटत होता. अशा ओबडधोबड, झोडपणाऱ्या रॉकसाठी 'पंक रॉक' हे नाव १९७१ मध्ये 'क्रीम'च्याच पानावर डेव्ह मार्श यांनी वापरलं. म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक उसळण्याआधी पाच वर्षं त्याची आवड या मासिकात घडत होती.

१९७४ चा एक प्रसंग. परीक्षण लिहिणं हेही रॉकच आहे, असं बँग्ज सांगत असे. जे. गाइल्स बँडनं त्याला डेट्रॉइटच्या कोबो हॉलमध्ये मंचावर बोलावलं. हजारो प्रेक्षकांसमोर तो टाइपरायटर घेऊन बसला आणि बँडच्या ठेक्यावर कळा बडवत राहिला. शेवटी गिटार फोडतात तसा त्यानं टाइपरायटर फोडला. हे सोंग नव्हतं, त्याची खरोखर तशी श्रद्धा होती.

न्यूयॉर्कचा रॉक गायक लू रीड याच्याशी त्याचं भांडण तर प्रसिद्धच आहे. रीड त्याचा नायक, म्हणून मुलाखतीत त्याच्याशी हमरीतुमरीवर येणं त्याला भागच वाटे. १९७५ मध्ये रीडनं तासाभराहून जास्त नुसत्या गिटार-फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून उठणाऱ्या किंचाळीचा) जोड-अल्बम काढला. शब्द नाहीत, चाल नाही. लोकांनी तबकड्या दुकानात परत नेल्या. बँग्जनं त्याची बाजू घेत पुन्हा पुन्हा लिहिलं.

१९७६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकासाठी लिहू लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये एल्व्हिस प्रेस्ली गेल्यावर त्यानं लिहिलं की एल्व्हिसबद्दल जसं आपलं एकमत होतं तसं यापुढे कशाबद्दलच होणार नाही. आज प्रत्येकाच्या कानात वेगळी गाणी असताना ते वाचलं की थक्क व्हायला होतं. पण त्याचा सर्वांत धाडसी लेख १९७९ चा. न्यूयॉर्कच्या पंक वर्तुळात गंमत म्हणून चालणाऱ्या वंशद्वेषावर त्यानं बोट ठेवलं. त्यात स्वतःच्या तोंडून पूर्वी गेलेले शब्दही त्यानं सोडले नाहीत. आपल्याच टोळीविरुद्ध असं लिहिणारे समीक्षक कोणत्याही क्षेत्रात मोजकेच सापडतात.

दारू आणि गोळ्या-सिरपं मात्र सुटली नाहीत. ३० एप्रिल १९८२ ला न्यूयॉर्कच्या घरी औषधांच्या अतिमात्रेनं तो गेला, तेहतिसाव्या वर्षी. त्याआधी दोनच आठवडे जिम डीरोगॅटिस नावाच्या शाळकरी मुलानं त्याची मुलाखत घेतली होती. पुढे त्याच मुलानं त्याचं चरित्र लिहिलं. निवडक लेखांचा संग्रह समीक्षक ग्रील मार्कस यांनी १९८७ मध्ये काढला.

त्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले. त्यांनी आरडाओरडा आणि पाल्हाळ उचललं, ऐकण्याची चिकाटी उचलली नाही. म्हणून ज्यांना बँग्ज वाचायचा आहे त्यांनी लू रीडच्या मुलाखतींपासून सुरुवात करू नये. गायक व्हॅन मॉरिसनच्या १९६८ च्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स' या अल्बमवर त्यानं १९७९ मध्ये लिहिलेला निबंध आधी वाचावा. त्यात एकही शिवीगाळ नाही, कोणाशी भांडण नाही. वाईट दिवसांत एका तबकडीनं आपल्याला कसं धरून ठेवलं, एवढंच तो सांगतो, आणि मग ओळीओळीतून गायकाचा आवाज नेमका कुठं अडतो, कुठला शब्द तो पुन्हा पुन्हा का घोळवतो, हे ऐकवत जातो.