अधिवृक्क न्यूनता, दीर्घकालीन

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारे संप्रेरक) आणि बहुधा अल्डोस्टेरॉनही (शरीरातले मीठ राखणारे संप्रेरक) पुरेसे न स्रवल्याने होणारा आजार. ग्रंथीच निकामी झाल्यास त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात, लंडनचे डॉ. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. पाश्चात्त्य देशांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटणे हे मुख्य कारण. भारतात क्षयरोग व हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा संसर्गही महत्त्वाचा.

थकवा, वजन घटणे, मळमळ, उठताच डोळ्यांपुढे अंधारी, खारट खावेसे वाटणे ही लक्षणे. विदर्भातल्या खेड्यात ती सहज झाकली जातात. कापूस वेचणारी बाई थकली की रक्तवाढीच्या गोळ्या, घेरी आली की सलाईन. सलाईनमधल्या मिठाने चार दिवस बरे वाटते, आणि निदान आणखी लांबते. अंग काळवंडणे ही मोठी खूण. पण उन्हात राबणाऱ्याच्या काळेपणाकडे लक्ष कोण देतो? म्हणून ऊन न पोचणाऱ्या जागा पाहाव्यात: तळहाताच्या रेषा, गालाची आतली बाजू, हिरड्या. हिरड्या अनेकांच्या मुळातच काळसर असतात, खर्ऱ्याने तोंड रंगलेले असते. तेव्हा रंग अलीकडे बदलला का, हे घरच्यांना विचारावे.

सांधेदुखीच्या पुड्यांत मिसळलेले स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखे औषध) महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडल्यासही न्यूनता येते. तिच्यात काळेपणा नसतो.

सोडियम कमी व पोटॅशियम जास्त आढळल्यास संशय बळावतो. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास निदान जवळपास पक्के. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचे (ग्रंथीला कॉर्टिसॉल स्रवायला लावणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. पहिल्या एसटीने निघून दुपारी नागपूरला पोचलेल्याचा कमी आकडा फसवा ठरतो, कारण कॉर्टिसॉल दुपारी उतरतेच. आदल्या रात्री मुक्काम केलेला बरा.

उपचार बहुधा आयुष्यभराचे. हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातले कॉर्टिसॉल) रोज १५–२५ मिलिग्रॅम दोन-तीन भागांत, मोठा भाग उठल्याबरोबर; ग्रंथी निकामी असल्यास अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनही. क्षयावरचे रिफाम्पिसिन कॉर्टिसॉल झपाट्याने संपवते, म्हणून ते सुरू असताना हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो. मे महिन्याच्या घामात मीठ वाढवावे लागते. तापात डोस दुप्पट-तिप्पट करतात. उलट्यांनी गोळी टिकेना वा शुद्ध हरपू लागली, तर रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन व सलाईन द्यावे. रुग्णाच्या खिशात आजाराचे नाव व ‘स्टेरॉइड थांबवू नये’ एवढी मराठी चिठ्ठी असली, तर रात्रपाळीच्या सिस्टरचा वेळ वाचतो.