प्रेअरीतली निळी बाप्टिशिया

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथल्या गवताळ माळांवर मे महिन्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे उभे तुरे दिसू लागतात. ही बाप्टिशिया ऑस्ट्रेलिस, तूर-हरभऱ्याच्या कुळातली बहुवर्षायू वनस्पती. उंच गवताची प्रेअरी, म्हणजे असा विस्तीर्ण गवताळ माळ, एकेकाळी सुमारे 17 कोटी एकरांवर पसरली होती. आज तिचा 4 टक्क्यांहून कमी भाग शिल्लक आहे, बाकी सारी शेतीखाली गेली. फ्लिंट हिल्स वाचल्या त्या चुनखडी आणि गारगोटीमुळे, कारण असल्या खडकाळ जमिनीत नांगर चालत नाही. बाप्टिशियासारख्या वनस्पतीला हे फार मोलाचं. तिचं रोप पहिली काही वर्षं मूळ खोल नेण्यातच घालवतं; बियांपासून फुलांपर्यंत पोचायला तीन-चार वर्षं सहज लागतात. एकदा मूळ धरलं की मात्र वणवा येवो की दुष्काळ, ती जमिनीखालून पुन्हा फुटते.

फुलात खालच्या दोन पाकळ्यांची मिटलेली नौका असते आणि परागकण तिच्यात बंद. ती दाबून उघडायला अंगात जोर लागतो, म्हणून इथे मुख्यतः येतात त्या बंबलबी नावाच्या थोराड, केसाळ माश्यांच्या राण्या. नव्या वसाहतीत अजून कामकरी माश्या नसतात, तेव्हा राणीलाच अन्न गोळा करावं लागतं.

शेंगा पिकल्या की काळ्याकुट्ट होतात आणि आतल्या सुट्या बिया आपल्याकडच्या घागरीच्या शेंगांसारख्या वाजतात. पुढे वाळलेलं खोड जमिनीलगत मोडतं आणि वारा ते बिया सांडत माळभर लोळवत नेतो. पण पुष्कळ शेंगा तोवर पोकळ झालेल्या असतात, कारण सोंडकिड्यांच्या अळ्यांनी आतलं बी आधीच फस्त केलेलं असतं.

पानांत सायटिसिनसारखी विषारी अल्कलॉइडं असल्याने गुरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. तरीही एका करड्या-तपकिरी, छोट्या फुलपाखराच्या अळ्या बाप्टिशियाच्या विविध जातींवरच वाढत. मग विसाव्या शतकात रस्त्यांच्या उतारांची माती धरून ठेवायला युरोपातून आलेली क्राउन व्हेच ही याच कुळातली वनस्पती मैलोन्‌मैल लावली गेली, आणि या फुलपाखराच्या माद्या तिच्यावरही अंडी घालू लागल्या. मला बाप्टिशियाच्या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण वळण हेच वाटतं. पूर्वी क्वचित आढळणारं ते फुलपाखरू आता पूर्व अमेरिकेत महामार्गांच्या कडेने सर्रास दिसतं.