तक्रार आधी कोणाकडे? बंदिस्त धर्मसमूहांतील बाल लैंगिक अत्याचार आणि मौनाची पार्श्वभूमी

एकमेकांत घट्ट बांधलेल्या धर्मसमूहात मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची जुनी प्रकरणे बाहेर येतात, तेव्हा ‘इतकी वर्षे कोणीच कसे बोलले नाही’ असे हमखास विचारले जाते. प्रत्यक्षात गेल्या काही दशकांतील चौकशी आयोगांसमोरच्या साक्षी वाचल्या, तर मूल बोलले होते, आईने कोणाला तरी सांगितले होते, समूहातील ज्येष्ठांनी त्यावर बैठकही घेतली होती, असे पुन्हा पुन्हा आढळते. गोष्ट सांगितली गेली, पण ती आतल्या माणसांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्यामुळे या मौनाचा उगम शोधायचा, तर तक्रार आधी कोणाकडे न्यायची आणि ती खरी कशावरून मानायची, या दोन नियमांकडे जावे लागते.

पहिला नियम फार जुना आहे. आपसांतील वाद परक्यांच्या न्यायासनासमोर नेऊ नयेत, अशी शिकवण बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे; ज्यू धर्मशास्त्रातही आपल्या माणसाची खबर परक्या सत्तेला देण्यास कडक मनाई आहे. शत्रुत्वाने वागणाऱ्या राजवटीखाली राहणाऱ्या अल्पसंख्य समूहाला अशा मनाईची खरोखर गरज होती, हे मान्य करायला हवे. पुढे राजवटी बदलल्या, कायद्यापुढे समानता आली, तरी मनाईची सवय टिकली. २०११ मध्ये अमेरिकेतील कर्मठ ज्यूंच्या एका प्रमुख संघटनेने, अत्याचाराचा संशय आल्यास पोलिसांकडे जाण्याआधी रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, सल्ला घ्यावा, अशी भूमिका मांडली. संशयाला पुरेसा आधार आहे की नाही हे रब्बीने ठरवायचे होते. त्याच सुमारास रब्बींच्या दुसऱ्या एका मंडळाने मात्र थेट पोलिसांना कळवणे हेच धर्मकर्तव्य आहे, असे सांगितले. लहान मुलाशी कसे बोलावे, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून काय करावे, याचे शिक्षण नसलेल्या माणसाला पहिला तपासनीस बनवणे यातच धोका आहे, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

दुसरा नियम साक्षीदारांच्या संख्येचा आहे आणि खरा वाद त्याच्याभोवती आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातील १५वे वचन सांगते की, एकाच साक्षीदारावरून कोणालाही दोषी धरू नये. दोघा किंवा तिघा साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी. मत्तयाच्या १८व्या अध्यायात आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच दंडक येतो; तीमथ्याच्या पत्रात तर तो खास वडीलजनांवरील, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठांवरील, आरोपांना लावला आहे. देहान्ताची शिक्षा सहज दिली जाणाऱ्या काळात खोट्या साक्षीने निरपराध माणूस मारला जाऊ नये, असा या नियमाचा उपयोग होता. परंतु मुलावरील अत्याचार हा गुन्हाच असा आहे की करणारा साक्षीदार नसलेली वेळ निवडतो. अशा गुन्ह्याला दोन साक्षीदारांची अट लावली, तर आरोपीने नुसता नकार दिला की प्रकरण संपते.

ही अट व्यवहारात कशी चालते, याचे सविस्तर चित्र २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात समोर आले. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, घरोघरी जाऊन प्रचार करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची सुनावणी घेतली. पंथाने स्वतःच जपलेल्या फायलींमध्ये १९५० पासूनच्या १,००६ कथित अत्याचाऱ्यांची नोंद होती. त्यांपैकी एकाचेही प्रकरण पंथाने पोलिसांना किंवा अन्य सरकारी यंत्रणेला कळवलेले नव्हते. माहिती गोळा होत होती, मुख्यालयाकडे जात होती, क्रमाने लावून ठेवली जात होती, आणि तरीही ती कोणत्याही मुलाच्या संरक्षणासाठी पंथाबाहेर गेली नाही, हे या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

त्या सुनावणीत एका महिलेने दिलेल्या साक्षीवरून या पद्धतीचे आतले रूप दिसते. तिने आपल्याच वडिलांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा तिला पुरुष ज्येष्ठांच्या बैठकीत, वडील समोर बसलेले असताना, अत्याचाराबद्दल बोलावे लागले. त्या पंथात निवाडा करण्याचा अधिकार फक्त पुरुषांकडे असल्यामुळे खोलीत निर्णय घेणारी एकही स्त्री असण्याची शक्यता नव्हती. आयोगाच्या वकिलांनी पंथाच्या सर्वोच्च मंडळातील एका सदस्याला याच संदर्भात ‘अनुवाद’ पुस्तकाच्या २२व्या अध्यायाविषयी विचारले. रानात एकट्या सापडलेल्या मुलीवर बळजबरी झाली, तर दुसरा साक्षीदार नसतानाही तिला निर्दोष मानून पुरुषाला शिक्षा सांगणारा तो उतारा आहे. ज्या ग्रंथातून दोन साक्षीदारांची अट घेतली, त्यातच अपवादालाही आधार आहे, असा त्या प्रश्नाचा रोख होता. दोन वेगवेगळ्या पीडितांनी वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल साक्ष दिली तर ती पंथ ग्राह्य धरतो. पण याचा अर्थ पहिल्या मुलाची तक्रार दुसरे मूल बळी पडेपर्यंत अपुरीच राहते, आणि तोवर आरोपी प्रार्थनासभेत मुलांच्या शेजारी बसत राहतो.

पंथाची बाजू अशी की ही अट केवळ अंतर्गत धार्मिक निवाड्यापुरती आहे, पोलिसांकडे जायला कोणाला बंदी नाही आणि कायद्याने कळवणे बंधनकारक असेल तिथे कळवले जाते. कागदावर हे बरोबर आहे. मात्र जगाच्या अंतापर्यंत बाहेरच्या व्यवस्थेवर विसंबू नये, असे लहानपणापासून ऐकलेल्या आणि सर्व मित्र, नातेवाईक, अनेकदा रोजगारही त्याच समूहात असलेल्या माणसासाठी ही मोकळीक किती खरी असते, याचे उत्तर त्या युक्तिवादात नाही. समूह सोडणाऱ्याशी घरचे लोकही बोलणे बंद करतात. वाळीत पडण्याची ही भीती पीडितालाच अधिक भोवते, कारण पश्चात्ताप व्यक्त केलेल्या अत्याचाऱ्याला परत घेण्याची वाट नियमांत आहे, पण मन विटून निघून गेलेल्या पीडितेला आपल्या आईशी बोलण्याची वाट नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. मुलाच्या एकट्या शब्दावर विश्वास न ठेवण्याची रीत केवळ धर्मसमूहांची नव्हती. इंग्लंडमध्ये शपथ न घेता दिलेल्या मुलाच्या साक्षीला दुजोरा देणारा पुरावा असावाच लागे, आणि ही अट १९८८ च्या कायद्याने उठवली गेली. भारतात उलट १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १३४व्या कलमाने, कोणतीही वस्तुस्थिती शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असे स्पष्ट केले होते; विश्वसनीय वाटली तर एका साक्षीदाराची साक्षही पुरेशी ठरते. म्हणजे न्यायालयांनी साक्षीदार मोजण्याऐवजी साक्ष तोलण्याचा मार्ग धरला, काहींनी लवकर तर काहींनी लाजिरवाण्या उशिराने, आणि काही समूह अजून संख्येवरच अडून आहेत.

कळवण्याची कायदेशीर सक्ती तुलनेने अलीकडची आहे. मारहाण झालेल्या मुलांच्या जखमांकडे १९६२ मध्ये एका वैद्यकीय लेखाने लक्ष वेधल्यानंतर १९६७ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी त्यासंबंधी कायदे केले, पण पुढे अनेक राज्यांनी पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूला समजलेली माहिती त्यातून वगळली. कायदा कळवण्याची सक्ती करतो आणि पंथ गोपनीयतेचा अधिकार सांगतो, हा संघर्ष तेव्हापासून चालू आहे. कॅलिफोर्नियातील एका खटल्यात, वर उल्लेखलेल्या पंथाच्या अमेरिकी संस्थेने आरोपींविषयीची कागदपत्रे देण्यास नकार दिला म्हणून न्यायालयाने दररोज ४,००० डॉलर दंड लावला होता. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर कळवण्याची जबाबदारी टाकली असून त्यात धर्मगुरूंसाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले नाही म्हणून मुलाला मात्र शिक्षा होत नाही, ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये १७ खंडांचा अंतिम अहवाल दिला. खासगी बैठकांतून आयोगाशी बोललेल्या पीडितांना अत्याचाराविषयी कोणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षे लागली होती. साहजिकच दावा दाखल करण्याच्या मुदतीच्या अटींमुळे त्यांतील कित्येकांसाठी न्यायालयाचा दरवाजा आधीच बंद झालेला होता. संबंधित पंथाला आयोगाने तीन ठळक शिफारशी केल्या: बाल लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींना दोन साक्षीदारांची अट लावू नये, निवाड्यात स्त्रियांना सामील करावे आणि अत्याचारामुळे समूह सोडणाऱ्यावर बहिष्कार घालू नये.

पीडितांना भरपाई देण्याची ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय योजना जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. पंथ सुरुवातीला तिच्यात सहभागी झाला नाही, आणि धर्मादाय दर्जा जाण्याची वेळ आल्यावर २०२१ मध्ये त्याने सहभागाची तयारी दाखवली. पापनिवेदनाच्या प्रश्नावर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये सवलत काढून टाकणारा कायदा केला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा तसाच कायदा पापनिवेदनापुरता जुलै २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने रोखला. दोन साक्षीदारांच्या अटीबाबत मात्र, ती धर्मग्रंथातून आलेली असल्याने बदलता येणार नाही, अशीच भूमिका पंथाने आयोगासमोर मांडली होती आणि शिफारशीनंतरही त्याने ती सोडलेली नाही.