नव्या घरातला गप्प कुत्रा

“किती गुणी आहे, आल्यापासून एकदाही भुंकला नाही!” मालकाची बदली झाली, घरात बाळ आलं किंवा सांभाळणारे आजोबा गेले म्हणून मोठेपणी नव्या घरी आलेल्या कुत्र्याचं पहिल्या दोन दिवसांत हमखास असं कौतुक होतं. तो बिचारा सोफ्यामागे अंग चोरून बसलेला असतो. पुढ्यातल्या दहीभाताला तोंड लावत नाही, बाहेर ओढून आणलं तर आणलं तिथे ताठ उभा राहतो. भीती वाटली की प्राणी लढतो, पळतो किंवा गोठतो. परक्या माणसांशी लढण्याची याची हिंमत नाही आणि फ्लॅटचं दार बंद आहे, म्हणून तो गोठला आहे.

या वेळी शरीरात चालतं ते असं. धोका जाणवला की काही सेकंदांत अॅड्रेनालिन रक्तात येतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल चढतं; दोन्ही ताणाची संप्रेरकं. हृदय जोरात धावतं, स्नायू ताणतात आणि पचनाचं काम मागे पडतं. म्हणून तो जेवत नाही. तुमचं जेवण त्याला आवडलं नाही असा त्याचा अर्थ नव्हे. ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठाचे मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली निवारागृहातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. पहिल्या तीन दिवसांतल्या कुत्र्यांमध्ये कॉर्टिसॉलची पातळी जास्त दिवस राहिलेल्यांपेक्षा वरची होती. नवं घर निवाऱ्याहून कितीतरी बरं, पण पहिल्या दिवशी कुत्र्याला ते कुठून कळणार? तेव्हा हे तीन-चार दिवस आंघोळ नको, पाहुणे नकोत, बिल्डिंगमधल्या मुलांची रांग तर अजिबात नको.

त्यातून मुंबईचं घर. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000च्या आसपासपर्यंत. त्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून जास्त, आपल्या पन्नास-साठ लाख. कुकरची शिट्टी, मिक्सर, जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, रुळांच्या बाजूला घर असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी लोकल. आपण हे ऐकेनासे झालो आहोत, त्याला यातला प्रत्येक आवाज नवा आहे. आणि एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते: लादी. मातीवर किंवा खडबडीत फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत लादीवर घसरतात. घसरण्याच्या भीतीने तो कोपरा सोडत नाही आणि घरच्यांना वाटतं, हा आपल्यालाच घाबरतोय. त्याच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत एक सतरंजी किंवा जुनी योगा मॅट टाकून पाहा. कित्येकदा तेवढ्यानेच तो उठून चालू लागतो.

कोपरा मात्र त्याला हवाच. दोन बाजूंनी भिंत, दारापासून आणि बेलपासून लांब. वन-रूम-किचनमध्ये टेबलाखाली चादर सोडून केलेली जागासुद्धा चालते. तिथे गेल्यावर त्याला कोणीही हात लावायचा नाही हा घराचा नियम. लादी पुसायला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवावं, कारण तोंडाजवळून सरसरत जाणारं ओलं फडकं त्याला हल्ल्यासारखं वाटू शकतं. जुन्या घरचं अंथरूण आलं असेल तर ते धुऊ नका. त्यावरचा वास ही सध्या त्याची एकमेव ओळखीची वस्तू आहे.

माझं ठाम मत असं की, पहिल्या आठवड्यात लाडापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात: पुढे काय होणार याचा अंदाज आणि नको म्हणण्याची मुभा. मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विजेचा झटका सगळ्यांना सारखाच, पण ज्यांना आधी इशारा मिळत होता त्यांच्या पोटात अल्सर कमी झाले. जेवण, फिरणं, दिवे मालवणं रोज त्याच वेळी झालं की कुत्र्यालाही तसाच इशारा मिळत राहतो.

आणि मुभा? तो जवळ आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. हात पूर्ण मागे घ्या. तो पुढे सरकला, नाकाने हात ढकलला, तर पुन्हा. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, पुढचा पंजा उचलून धरला किंवा डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसलं, तर तो ‘नको’ म्हणतो आहे. हे ‘नको’ ऐकलं गेलं तर गुरगुरण्याची वेळच येत नाही. यातून नातं जमायला फार दिवस लागत नाहीत. 2001 साली बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांना एखाद्या माणसाशी जोडलं जायला दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी पुरल्या. माणसावर विश्वास असा लवकर बसतो, घरावर आणि गल्लीवर बसायला महिने लागतात.

आता कुकर. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू, कान फक्त हलतील इतक्याच आवाजात वाजवा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा द्या. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगात कुत्र्यांना घंटेनंतर अन्न मिळे, मग नुसत्या घंटेनेही त्यांना लाळ सुटे. इथेही क्रम तोच, आधी आवाज, मग खाऊ. उलट केलंत तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर वाजणार, असं तो शिकेल. तुकडा घेतला नाही तर आवाज जास्त झाला असं समजा आणि कमी करा. काही दिवसांनी थोडा वाढवा. खरा कुकर लावताना सुरुवातीला त्याला आतल्या खोलीत, दार लावून ठेवा. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांची तयारीही अशीच, पण काही आठवडे आधीपासून.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर भित्रा होईल, असं अनेकजण सांगतात. ते चूक आहे. भीती ही भावना आहे, धीर दिल्याने ती वाढत नाही. तो स्वतः बिलगत असेल तर खुशाल बिलगू द्या. ओरडण्याचं मात्र उलट. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणातल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणं आणि प्रशिक्षणानंतरचं कॉर्टिसॉल जास्त आढळलं. लादीवर शू झाली तर मुकाट्याने पुसा.

पळून जाण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वाधिक असतो. घाबरलेला कुत्रा मागे रेटतो आणि नुसता गळपट्टा डोक्यावरून सुटतो. छातीचा पट्टा आणि गळपट्टा, दोन्हींना वेगळी दोरी लावा. पहाटे, रस्ता जागा होण्याआधी खाली न्या. गल्लीतली कुत्री हद्द राखून असतात, त्यांच्याशी ओळख नंतर. आधी कंपाउंडमध्येच फिरवा आणि जमिनीचा वास घेऊ द्या, कितीही वेळ लागो.

सगळंच भीतीच्या खात्यावर मांडू नका. गोचीड तापातही कुत्रा मलूल होतो, जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो. दोन दिवस जेवण नाही किंवा 24 तास लघवी नाही, तर डॉक्टर गाठा. रेबीज आणि लेप्टोच्या लसींची नोंदही तेव्हाच तपासून घ्या. काही आठवडे उलटूनही तो थरथरत असेल, तर पशुवैद्य चिंतेवरची औषधं देऊ शकतात आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. घरातली माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात.