काडीसारख्या पोटऱ्या, सुटलेलं पोट: गावाकडच्या म्हातारपणाची पार्श्वभूमी

१९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, सुकडी आणि रेशनच्या मिलोवर (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीवर) दिवस काढणारी विशीतली माणसं आज सत्तरीपुढे आहेत. महाराष्ट्राच्या खेड्यांत यांतल्या अनेकांच्या दंड-पोटऱ्या वाळल्यात आणि पोट मात्र सुटलंय. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच देहात नांदतात, हे पटायलाच फार वर्षं गेली.

कोरडवाहू भागात पूर्वी ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा-मटकीचं कालवण, शेंगदाण्याची चटणी असं जेवण असे. पोटभर मिळेलच असं नाही, पण कडधान्य घरच्या रानातलं. पुढे त्या रानात सोयाबीन, कापूस, ऊस आला आणि रेशनवर गहू-तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. उपासमार रोखण्यात या धान्याचा वाटा मोठा आहे. पण हिशेब मांडून बघा: दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे ५८० कॅलरींच्या आसपास आणि फार तर १५-१७ ग्रॅम प्रथिनं. ४५ किलो वजनाच्या आजींना स्नायू टिकवायला रोज ४५ ग्रॅम तरी हवीत. दाढा पडल्या की आधी भाकरी सुटते, मग मटकी आणि शेंगदाणे. उरतो मऊ भात आणि गोड चहात बुडवलेलं बिस्किट. रानातलं कामही थांबलेलं असतं. मांस झडतं, पोटावर चरबी चढते, वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून घरात कुणाच्या ध्यानात येत नाही.

या देहाचं मूळ याहून मागे जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं वजनाने लहान, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००४मध्ये त्यांनी स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१.

सरकारी मोजणी मात्र म्हाताऱ्यांपर्यंत उशिरा पोचली. १९७५ची अंगणवाडी योजना बालकं आणि मातांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांचा बीएमआय ४९व्या वर्षापर्यंत, पुरुषांचा ५४पर्यंत. २०१७-१८च्या 'लासी' या वाढत्या वयाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने ४५ वर्षांपुढच्यांना देशभर मोजलं. साठीपुढच्यांत सुमारे २७ टक्के कमी वजनाचे आणि २२ टक्के जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले.

तरी बीएमआय म्हातारपणी फसवतो. पाठ वाकली की उंची कमी भरते आणि हाडकुळं माणूसही कागदावर ठीक दिसतं. म्हणून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवरून मूळ उंची काढावी. बसवून, पाऊल जमिनीवर टेकवून पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. ३१ सेंमीच्या आत भरला तर स्नायू झडल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप धरू नये. पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर घ्यावा. स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंमीपासून धोका. आशाताई भरतात त्या तपासणी फॉर्ममध्ये घेराला गुण आहेत, वाळलेल्या पोटरीला नाहीत.