विश्रांती कार्यशाळा (गोव्यातील कला महोत्सव)

विश्रांती कार्यशाळा : कला महोत्सवाच्या वेळापत्रकात कलावंत, पडद्यामागचे कामगार आणि गावकरी यांच्यासाठी राखलेले विसाव्याचे सत्र. योगनिद्रा, श्वसनाचे सोपे प्रकार, हलकी अंगहालचाल, शांत श्रवण, एकत्र बसून रेघोट्या ओढणे असे तिचे स्वरूप असते. इथे कुणाला काही सादर करायचे नसते आणि शेवटी टाळ्याही पडत नाहीत.

कलावंताचे शरीर हेच त्याचे हत्यार, आणि ते झिजते. ऑस्ट्रेलियन नट एफ. एम. अलेक्झांडर (1869–1955) यांचा आवाज रंगमंचावर बसू लागला. डॉक्टरी उपायांनी भागेना, तेव्हा त्यांनी आरशासमोर उभे राहून स्वतःला न्याहाळले. बोलताना आपण मान मागे ओढतो आणि श्वास घशाने खेचतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून निघालेले अलेक्झांडर तंत्र आज अनेक नाट्यशाळांत शिकवतात. सामूहिक विश्रांतीला राजकीय धारही आहे : 2016 पासून अमेरिकेत अटलांटा येथे ट्रिशिया हर्सी यांनी ‘नॅप मिनिस्ट्री’ या नावाने लोकांना सार्वजनिक जागी एकत्र झोपवले. कृष्णवर्णीयांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबण्याला दिलेले ते उत्तर होते.

भारतात अशा सत्रांचा कणा बहुधा योगनिद्रेचा असतो. तिची आजची पद्धत बिहारमधील मुंगेरचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी घडवली. चटईवर उताणे पडायचे, तळवे वर. मग शिक्षक एकेक अवयव उच्चारत जातो : उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधले बोट, तळवा, मनगट. लक्ष त्या त्या जागी न्यायचे आणि लगेच सोडायचे. झोपायचे नाही, असे बजावलेले असते. तरी कोपऱ्यातून घोरणे ऐकू येतेच, आणि जाणता शिक्षक त्या माणसाला उठवत नाही.

गोव्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून पणजीत भरतो आणि सेरेंडिपिटी कला महोत्सव 2016 पासून डिसेंबरात. कांपालची कला अकादमी, जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत, मांडवीकाठ हा या उत्सवी पणजीचा पट्टा. महाविद्यालय बांबोळीला गेले आणि वॉर्डांच्या जागी प्रदर्शने आली. डिसेंबरातही दुपारचा पारा तिशी ओलांडतो. एकच्या सुमारास दुकानांची शटरे खाली येतात, गाव जेवून आडवा होतो. जागा असतो तो महोत्सवच. विश्रांतीचे सत्र ठेवायला याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही.

गोव्यातला कलावंत मात्र कांपालपुरता नाही. पेडण्याकडचा दशावतारी कालो (लोकनाट्याचा खेळ) पहाटेपर्यंत चालतो. जत्रेतले मराठी नाटकही रात्र खाते, आणि राजाचा रंग पुसून हौशी नट सकाळी कचेरीत हजर होतो. पौषात मांडावर (त्यासाठी राखलेल्या अंगणात) ढालो, म्हणजे बायकांची नाचत म्हणायची गाणी, घालणाऱ्या बायका दिवसभराचे घरकाम उरकून समोरासमोरच्या दोन रांगांत उभ्या राहतात. शीण घालवण्याची त्यांची स्वतःची रीत तीच. तिथे जाऊन ‘डोळे मिटा, मन शांत करा’ एवढेच सांगणारा पाहुणा शिक्षक फिका पडतो. आधी त्यांच्याकडून दोन ढालो ऐकावेत, एखादी फुगडी होऊ द्यावी आणि मग चटया अंथराव्यात.

या कार्यशाळांची खरी अडचण वेगळीच आहे : ज्याला विश्रांती हवी तो तिथे पोचत नाही. नोंदणी ऑनलाइन, सूचना इंग्रजीत, वेळ सकाळची. त्या वेळी प्रकाशयोजनेचा पोरगा शिडीवर असतो, मंडपवाला बांबू बांधत असतो आणि सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीत उभा असतो. चटयांवर दिसतात ते बहुधा आधीच निवांत असलेले पाहुणे. सत्र कोंकणी-मराठीत घ्यावे, रंगपटाच्या शेजारी घ्यावे आणि त्या तासाची मजुरी कापू नये, एवढी व्यवस्था केली तरी चित्र बदलेल.

ही सत्रे म्हणजे उपचार नव्हेत. घोगरा आवाज तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जावे लागते. काहींना डोळे मिटून अंधारात पडण्याने उलट धडधड वाढते. अशांना बसून राहण्याची, डोळे उघडे ठेवण्याची किंवा मधेच उठून जाण्याची मुभा सत्र सुरू होण्याआधीच सांगावी लागते. दारही लोटून घेत नाहीत.