लोशनची वडी घरी करताना: नागपूरच्या हवेचं प्रमाण

लोशनची वडी म्हणजे अंगाला चोळून लावायची, बिनपाण्याची घट्ट वडी. तिच्यासाठी आमच्याकडून मेण, कोकम बटर आणि तेल घेतलं की ग्राहकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "प्रमाण काय घ्यायचं?" इंटरनेटवर पाहिलंत तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर सापडेल: तिन्ही समान. ते चूक नाही, पण ते थंड गावचं आहे. आमचा पहिला घाणाही आम्ही तसाच केला होता, तोही ऐन मे महिन्यात. इतवारीतल्या दुकानात दुपारी ड्रॉवर उघडला तर बारा वड्यांचा एकच गोळा झालेला!

कारण साधं आहे. मधमाशीचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात. कोकम बटर ४० च्या आसपासच वितळतं, कोको बटर ३५ च्या आगेमागे, खोबरेल तर २४ लाच. नवतप्यात पारा ४५ कडे गेला की वडीला धरून ठेवतं ते फक्त मेण. म्हणून ऋतू बदलला की आधी मेण बदला, बाकीचं मागाहून.

१०० ग्रॅमचा हिशोब असा. उन्हाळ्यात मेण ४०, कोकम बटर ३५, तेल २५. डिसेंबर-जानेवारीत मेण २५, बटर ३५, तेल ४०. नाहीतर वडी इतकी कडक होते की अंगावर नुसती घासली जाते, उतरतच नाही. पावसाळ्यात समान प्रमाण चालतं. सगळं वजनावर घ्या. वाटी-चमच्याच्या मापाने मेणाचा अंदाज हमखास चुकतो.

तेल कोणतं? आम्ही तिळाचं किंवा बदामाचं सुचवतो. घरात कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम नको, आणि तिळाची असेल तर तीळही नको. जवस आपल्या विदर्भातलं, त्यामुळे बरेच जण आवर्जून विचारतात. पण त्याचं तेल हवेने लवकर खवट होतं. ते चटणीतच चांगलं.

आता कृती. पातेल्यात चार बोटं पाणी ठेवून मंद आचेवर गरम करा आणि त्यात स्टीलचा छोटा गंज (उभट भांडं) बसवा. गंज आतून पूर्ण कोरडा हवा. गॅसवर थेट ठेवू नका, तेल-मेण तापून पेट घेऊ शकतं. आधी किसलेलं मेण टाका. ते पूर्ण पातळ झालं की बटर, शेवटी तेल. तेल पडताच मेणाचे पांढरे तुकडे तरंगायला लागले तर घाबरू नका, ढवळत राहा, परत विरघळतात.

साच्यात ओतायच्या आधी एक थेंब थंड चमच्यावर टाका आणि दोन मिनिटांनी बोटाने दाबून पाहा. बोट रुतलं तर ५ ग्रॅम मेण वाढवा. खडखडीत लागलं तर चमचाभर तेल. ही चाचणी चुकवू नका, कारण ओतल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळं परत वितळवणं.

गॅस बंद करून मिश्रण जरा निवलं की सुगंधी तेल घाला, १०० ग्रॅमला १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल मात्र टाळा. ते लावून उन्हात गेलं की कातडीवर चट्टे उठू शकतात. सिलिकॉनचा साचा नसेल तर कागदी कपही चालतो. कोकमऐवजी शिया बटर वापरलं असेल तर साचा लगेच फ्रीजमध्ये ठेवा, हळू थंड झालं की त्यात रवा पडल्यासारखे कण येतात. कण आले तरी वडी वाया जात नाही, फक्त खरखरीत लागते.

एक कळकळीची विनंती: ताजी कोरफड, गुलाबपाणी, संत्र्याचा रस यातलं काहीही घालू नका. या वडीत पाणी नसतं, म्हणूनच ती परिरक्षकाशिवाय (प्रिझर्व्हेटिव्हशिवाय) टिकते. पाणी मेणात मिसळत नाही, थेंब अडकून राहतात आणि तिथेच बुरशी धरते.

वापरायला सोपी आहे. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच तळहातात वडी चोळा आणि लावा. तळपायाला लावलं तर लगेच फरशीवर चालू नका. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर चेहरा सोडून द्या, आणि पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. ही वडी ऊन अडवत नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागेल.

डबी सावलीत ठेवा, गाडीच्या डिक्कीत नको. वडीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बहुधा मेणाचीच, कापडाने पुसा. खवट वास आला तर मात्र टाकून द्या. आणि भांडं सिंकमध्ये धुण्याआधी गरम असतानाच, हात सांभाळून, जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या. मेण पाइपात थिजलं की प्लंबरच बोलवावा लागतो.

वडी बिघडली तर फेकू नका, डबीसकट दुकानात घेऊन या. काय कमी-जास्त झालं ते बहुतेक वेळा बोटाने दाबूनच कळतं.